डाएटच्या वहीतली कोरी पानं

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी तो थोडक्यात मांडते. वय ३४, वजन ८१ किलो. दोन महिने रोज जेमतेम ९०० कॅलरी. गोड बंद, तेल बंद, धान्य बंद, संध्याकाळी सातनंतर पाण्याशिवाय काही नाही. पहिल्याच आठवड्यात अडीच किलो गेले, दोन महिन्यांत एकूण ९. मग काटा जागचा हलेना. तशात एका समारंभात भरपूर खाणं झालं आणि तिथून सगळं हातातून सुटलं. पाच महिन्यांत ११ किलो परत आले, आज वजन ८३. असं होण्याची ही तिसरी वेळ. शेवटी तुम्ही विचारलंय, "माझ्यात मनोनिग्रहच नाही का? या वेळी ८०० वर जाऊ का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते घाईचं आहे. ८०० वर जाऊ नका. डाएट चालू असताना पाळी दोनदा चुकली, नंतर केस गळायला लागले, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, हे तुम्ही जाता जाता एका ओळीत लिहून गेलात. माझ्या दृष्टीने त्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच. शरीराला मिळणारी ऊर्जा फार कमी पडली की मेंदू आधी प्रजननाचं काम थांबवतो, म्हणून पाळी चुकते. केसांचं गळणं बहुतेक वेळा उपासमारीनंतर दोन-तीन महिन्यांनी सुरू होतं, त्यामुळे त्याचा आणि डाएटचा संबंध चटकन लक्षात येत नाही. खाणं सुधारलं की केस सहसा परत येतात. पण पाळी अजून नियमित झाली नसेल तर आधी डॉक्टरांकडे जा, वजनाचं नंतर पाहू.

आता मनोनिग्रहाचं. तीन वेळा दोन-दोन महिने ९०० कॅलरींवर काढणाऱ्या माणसात मनोनिग्रह नाही, हे मी मानायला तयार नाही. गेली अठरा वर्षं मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे आणि सलग तीन आठवडेसुद्धा असं राहू शकणारी माणसं मी मोजकीच पाहिली आहेत. वजन उतरवणं तुम्हाला जमतं, तिन्ही वेळा जमलं. अडतंय ते टिकवण्यात. म्हणून "आणखी कमी कसं खाऊ" हा प्रश्न बाजूला ठेवून "जे उतरतं ते राहत का नाही" इकडे वळू या. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि पहिल्याचं उत्तर जितकं कडक द्याल तितकं दुसऱ्याचं अवघड होऊन बसतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मी तुम्हाला तपासलेलं नाही. थायरॉइड, पीसीओएस (बीजकोशांशी निगडित हॉर्मोन्सचा बिघाड), स्टेरॉइडसारखी किंवा नैराश्यावरची काही औषधं, रात्रपाळीच्या कामामुळे बिघडलेली झोप, नुकतंच झालेलं बाळंतपण, यातलं काहीही असेल तर पुढचं गणित बदलेल. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोलणं सक्तीचं, कारण साखर एकदम उतरू शकते. पुढे जे लिहिते आहे ते साधारण निरोगी माणसाला धरून.

पहिल्या आठवड्यातल्या अडीच किलोंपासून सुरुवात करते, कारण फसगत तिथेच सुरू होते. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. अडीच किलो चरबी सात दिवसांत जाळायची तर रोज २,७०० कॅलरींची तूट हवी. ८१ किलोच्या, बैठं काम करणाऱ्या स्त्रीचा दिवसभराचा सगळा खर्चच साधारण २,१०० च्या आसपास असतो. म्हणजे आठवडाभर तुम्ही तोंडात कणही घातला नसतात तरी अडीच किलो चरबी गेली नसती. मग गेलं काय? यकृतात आणि स्नायूंमध्ये आपण ग्लायकोजेन या रूपात अंदाजे अर्धा किलो साखर साठवून ठेवतो, आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमला तीनेक ग्रॅम पाणी धरून असतं. धान्य बंद केलं, खाणं निम्म्यावर आणलं की तो साठा उतरतो आणि पाणीही निघून जातं. काट्यावर दिसलेल्या अडीच किलोंत चरबी फार तर एक किलो असेल.

यात वाईट काही नाही. पण त्याचे दोन परिणाम होतात. पुढच्या आठवड्यांत किलो-किलोनेच वजन उतरायला लागलं की माणसाला वाटतं डाएट "चालेनासं झालं", आणि तो आणखी कमी खायला लागतो. दुसरा परिणाम जास्त घातक. समारंभात एका संध्याकाळी पोटभर जेवलात, तर तोच साठा भरतो, मिठामुळे आणखी थोडं पाणी थांबतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काटा दीड-दोन किलो जास्त दाखवतो. एका रात्रीत दोन किलो चरबी चढायला रोजच्यापेक्षा पंधरा हजार कॅलरी जास्त खाव्या लागतील. तेवढ्या तुम्ही खाल्ल्या नव्हत्या. तरीही त्या सकाळी काट्यावर उभं राहून तुम्ही मनाशी म्हणाला असाल, "गेलं सगळं वाया." त्या वाक्याकडे मी पुन्हा येणार आहे, कारण अकरा किलोंचा मोठा वाटा त्याच्याच पदरात जातो.

त्याआधी शरीर काय करतं ते पाहू. तुम्ही लग्नासाठी उपाशी राहताय की दुष्काळ पडलाय, हे शरीराला कळत नाही. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन या हॉर्मोनचा शोध लागला. ते चरबीच्या पेशींतून येतं आणि साठा किती शिल्लक आहे हे मेंदूला कळवतं. खाणं एकदम तोडलं की चरबी फारशी कमी होण्याआधीच, काही दिवसांत, लेप्टिन घसरतं. उलट जठरातून येणारं, भूक चाळवणारं घ्रेलिन वाढतं. मेलबर्नच्या संशोधकांनी ५० जणांना दहा आठवडे अतिशय कमी कॅलरींच्या आहारावर ठेवलं आणि वर्षभराने त्यांची हॉर्मोन्स पुन्हा मोजली. हे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. वजन परत चढायला लागलं होतं, डाएट कधीच संपलं होतं, तरी वर्षानंतरही भुकेची हॉर्मोन्स मूळ पातळीवर आलेली नव्हती आणि माणसं सुरुवातीपेक्षा जास्त भूक लागते असं सांगत होती.

अमेरिकेतले संशोधक केविन हॉल आणि त्यांचे सहकारी यांनी याचा आकडाच काढला आहे. वजन एक किलो उतरलं की शरीराचा रोजचा खर्च वीस-तीस कॅलरींनी कमी होतो, आणि भूक मात्र रोज सुमारे शंभर कॅलरींनी वाढते. तुमच्या ९ किलोंना हे लावून पाहा. खर्च दोन-अडीचशे कॅलरींनी घटला आणि भूक नऊशेंनी वाढली. मेटाबॉलिझम, म्हणजे शरीराचा हा ऊर्जेचा खर्च, मंदावण्याची चर्चा सगळे करतात, पण खरा जोर भुकेचा असतो, चौपट. ९०० कॅलरींच्या ताटासमोर बसलेल्या माणसाचं शरीर शेवटी शेवटी डाएटआधीच्या खाण्यापेक्षाही रोज ९०० जास्त मागत असतं आणि तो दोन महिने नाही म्हणत राहतो. समारंभाच्या दिवशी तुमचा निग्रह संपला, तो इतका वापरून.

"शरीर स्टार्व्हेशन मोडमध्ये जातं, मग काही खाल्लं नाही तरी वजन उतरत नाही" असंही तुम्ही कुठेतरी वाचलंय. ते या स्वरूपात खरं नाही. १९४४ च्या नोव्हेंबरात मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग सुरू केला. युद्धात शस्त्र उचलायला नकार दिलेले हे स्वयंसेवक होते. युद्धामुळे उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा जेवू कसं घालावं, हे शोधायचं होतं. बारा आठवडे नेहमीचं जेवण, मग चोवीस आठवडे त्याच्या निम्मं, दिवसाला अंदाजे १,५७० कॅलरी, आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं. त्यांचा खर्च घटला, हातपाय गार पडायला लागले, जिने चढवेनात, पण वजन उतरत राहिलं, सुरुवातीच्या सुमारे पाव हिश्श्याने. म्हणजे खर्च कमी होतो, शून्य होत नाही.

त्या प्रयोगातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते वजनापलीकडचं. ही मुलं पाककृतींची पुस्तकं गोळा करायला लागली. तुटपुंजं जेवण पाण्यात कालवून, तुकडे तुकडे करून, तासन्तास पुरवायची. ताटल्या चाटायची. ज्यांना स्वयंपाकात कधी रस नव्हता ती खाण्याशिवाय दुसरं बोलेनात. आणि जेवण पुन्हा सुरू झाल्यावर काहींनी पोट तुडुंब भरेपर्यंत खाल्लं तरी भूक भागेना. तुम्ही लिहिलंय, "रात्री झोपताना मी खाण्याचे व्हिडिओ बघत बसायचे, मला माझीच लाज वाटायची." लाज वाटून घेऊ नका. धडधाकट, मानसिकदृष्ट्या तपासून निवडलेल्या तरुणांचं तेच झालं होतं, आणि त्यांना तुमच्यापेक्षा जास्त खायला मिळत होतं.

त्याच प्रयोगाच्या आकड्यांवरून पुढे आणखी एक गोष्ट दिसली. खाणं मोकळं झाल्यावर चरबी आधी भरून आली, आणि पूर्वीपेक्षाही वर गेली. स्नायू मागे राहिले, आणि ते भरून येईपर्यंत भूक वाढलेलीच राहिली. कडक डाएटमध्ये, विशेषतः प्रथिनं कमी आणि व्यायामात वजन उचलणं नसेल तर, उतरलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा चरबी सोडून इतर गोष्टींचा असतो, त्यात स्नायूही आले. तुमचे ९ गेले आणि ११ आले. बहुधा गेलेल्या नवांत दोनेक किलो चरबी नव्हती, आणि आलेल्या अकरांत चरबीचा वाटा मोठा आहे. "वजन तेच पण कपडे जास्त घट्ट होतात" असं तुम्हाला वाटत असेल तर ते मनाचे खेळ नसावेत.

आता काटा अडला त्या आठवड्यांविषयी. इथे मला जपून लिहायचंय, कारण हे ऐकताना माणसाला आपल्यावर खोटेपणाचा आरोप होतोय असं वाटतं. न्यूयॉर्कमध्ये काही संशोधकांनी "१,२०० च्या आत खाऊनही वजन उतरत नाही" असं सांगणाऱ्या लोकांचं खाणं आणि खर्च काटेकोर मोजला. ते काम १९९२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांचा मेटाबॉलिझम व्यवस्थित होता. प्रत्यक्ष खाणं मात्र त्यांनी लिहिल्यापेक्षा बरंच जास्त होतं, लिहिण्यात सरासरी ४७ टक्के सुटलं होतं. ती माणसं खोटं बोलत नव्हती. उपाशी मेंदू जे नोंदवतो आणि जे विसरतो, ते त्याच्या हातात नसतं.

मला हे एका वहीने शिकवलं. माझ्याकडे येणारी एक बाई, व्यवसायाने हिशेबनीस, फार नेटकी. तिच्या वहीत सोमवार ते शुक्रवार सुंदर अक्षरात सगळं लिहिलेलं असायचं, अगदी चहातल्या दुधाचे चमचेसुद्धा. शनिवार-रविवारची पानं कोरी. दर आठवड्याला कोरी. पहिले दोन महिने मी त्या कोऱ्या पानांकडे दुर्लक्ष केलं, मला वाटलं सुट्टीला लिहायचा कंटाळा येत असेल. एके दिवशी मी वही उजेडाकडे तिरकी धरली तर एका शनिवारी काहीतरी लिहून खोडरबरने पुसल्याच्या खुणा दिसल्या. तिला विचारलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मॅडम, जे पाहून तुम्ही रागवाल ते मी लिहीत नाही."

आम्ही दोघींनी मिळून तिचं गणित मांडलं, ते इथे देते. तिचा रोजचा खर्च १,९०० धरला होता. पाच दिवस ९०० कॅलरी, म्हणजे रोज हजाराची तूट, पाच हजार झाली. शनिवार-रविवारी, पाच दिवसांच्या उपासमारीनंतर, तिचं खाणं दिवसाला चार हजारांपर्यंत जायचं. दोन दिवसांचे मिळून ४,२०० जास्त. आठवड्याची निव्वळ तूट उरली ८००, म्हणजे शंभर ग्रॅम चरबी. याउलट तीच बाई सातही दिवस १,५०० खाती, तर तूट २,८०० झाली असती, साडेतीनपट. शुक्रवारच्या रात्रीपर्यंत जीव काढून ती जे कमवायची ते दोन दिवसांत जायचं, आणि वर अपराधीपणा उरायचा. आणि अपराधीपणावर तिचा उपाय एकच होता, सोमवारी आणखी कडक.

तो आराखडा ९०० कॅलरींचा होता आणि तो तिला मीच दिला होता, हेही सांगायला हवं. सुरुवातीची काही वर्षं मी छापील तक्ता द्यायचे. सकाळी हे, अकराला ते, यापलीकडे काही नाही. पहिल्या महिन्यात सगळ्यांचं वजन उतरायचं आणि मला वाटायचं माझं बरोबर चाललंय. चौथ्या-पाचव्या महिन्यात लोक यायचे बंद व्हायचे. त्यांचं काम झालं असेल अशी मी समजूत करून घेतली होती. त्या पुसलेल्या पानानंतर मी जुन्या माणसांना एकेक करून फोन केले. बहुतेकांचं वजन परत आलं होतं आणि माझ्यासमोर यायची त्यांना लाज वाटत होती. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता ते वाक्य, "गेलं सगळं वाया." १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. काहींना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग सगळ्यांना आइस्क्रीमची चव घ्यायला बसवलं, हवं तेवढं खा म्हणून. एरवी खाण्यावर बंधनं न घालणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं, पोटात जागा कमी होती. डाएट करणाऱ्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम जास्त खाल्लं. पोट भरलेलं असूनही जास्त, कारण नियम मोडलाच होता आणि आज वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "मोडलंच आहे तर होऊ दे, उद्यापासून बघू."

कडक डाएटची रचनाच अशी असते की त्यात दोनच अवस्था असतात, पाळलं किंवा मोडलं. आणि जो नियम एकदाही मोडायची मुभा देत नाही, तो मोडल्यावर पुढे काय करायचं हे सांगत नाही. तुमच्या ९०० कॅलरींच्या आराखड्यात समारंभाच्या दुसऱ्या दिवसासाठी एकही ओळ नव्हती. म्हणून तो दुसरा दिवस पाच महिने चालला. जर्मन संशोधक योआखिम वेस्टेनह्योफर यांनी १९९१ मध्ये खाण्यावरच्या नियंत्रणाचे ताठर आणि लवचीक असे दोन प्रकार दाखवले. ताठर नियंत्रण असणाऱ्यांचा ताबा जास्त वेळा सुटत होता आणि त्यांचं वजनही जास्त होतं. लवचीक नियंत्रणवाल्यांचं उलट. लवचीक म्हणजे ढिलं नव्हे. दुपारी जास्त झालं तर रात्री थोडं हलकं घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं, इतकंच.

इथवर वाचून कुणी म्हणेल की वजन सावकाश उतरवलं तरच टिकतं. मीही काही वर्षं असंच सांगायचे. पण मेलबर्नमध्येच झालेला एक अभ्यास २०१४ मध्ये आला. २०० लोकांपैकी निम्म्यांचं वजन १२ आठवड्यांत झपाट्याने उतरवलं, निम्म्यांचं ३६ आठवड्यांत हळूहळू. तीन वर्षांनी पाहिलं तर दोन्ही गटांत उतरलेल्या वजनापैकी सुमारे ७१ टक्के परत आलं होतं. वेगाने काही फरक पडला नव्हता. शिवाय ब्रिटनमध्ये टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांना तीन ते पाच महिने रोज साडेआठशेच्या आसपास कॅलरी देऊन पाहिल्या. २०१७ मध्ये आलेल्या त्या निकालात वर्षाअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता. म्हणजे फार कमी कॅलरींचा आहार कधीच योग्य नसतो, असं म्हणणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण तिथे काय होतं ते नीट बघा. सगळी जीवनसत्त्वं आणि प्रथिनं असलेला मोजून बनवलेला आहार, औषधांवर डॉक्टरांची नजर, शेवट केव्हा हे आधी ठरलेलं, त्यानंतर आठवड्याआठवड्याने नेहमीचं जेवण परत आणण्याची पद्धत, आणि पुढे दर महिन्याला कुणीतरी विचारणारं. तुमच्याकडे यातलं फक्त कमी खाणं होतं. झपाट्याने वजन उतरवताना पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो, हेही देखरेखीचं एक कारण.

म्हणून मी भांडते ते वेगाशी नाही. मी भांडते ते अशा आराखड्याशी, ज्याला पुढचा दिवस नाही.

तर आता करायचं काय. तुमच्या जागी माझ्यासमोर बसलेल्या माणसाला मी पहिले दोन आठवडे काहीही कमी करू देत नाही. फक्त लिहायचं. वेळ, काय खाल्लं, आणि त्याआधी भूक किती होती. कॅलरी मोजायच्या नाहीत. दिवसातून तीन वेळा नीट जेवायचं, मध्ये लागलं तर काहीतरी, चार-साडेचार तासांहून मोठं अंतर नको. यात वजन अर्धा-एक किलो वाढलं तर वाढू द्या, तिन्ही वेळा उपाशी राहिलेल्या शरीराची धास्ती आधी जायला हवी. संध्याकाळी सातचा नियम पूर्णपणे सोडून द्या. घड्याळात सात वाजले म्हणून अन्नाच्या कॅलरी वाढत नाहीत, आणि साडेनऊला कडकडून भूक लागलेल्या माणसाच्या हाती जे लागतं ते सहसा सगळ्यात गोड नाहीतर सगळ्यात तेलकट असतं.

त्यानंतर तूट तीनशे-चारशे कॅलरींची, त्याहून जास्त नाही. ती कुठून काढायची हे वहीच सांगते. प्रत्येकाच्या वहीत दोन-तीन जागा अशा असतात जिथे तो आवडीने नाही तर नुसत्या सवयीने खातो. पहिली कात्री तिथे. जे खरोखर आवडतं ते आठवड्यात ठरवून ठेवायचं, बसून, ताटलीत घेऊन खायचं. नियम मोडायच्या ठरलेल्या दिवसाला लोक "चीट डे" म्हणतात, तो शब्द मी वापरत नाही आणि तुम्हीही वापरू नका. फसवणूक म्हटलं की चोर ठरलातच.

प्रथिनांवर माझा भर असतो. किलोमागे दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम, जास्त वजन असेल तर हा हिशेब आजच्या वजनावर न करता ज्या वजनाकडे जायचंय त्यावर करायचा. तुमच्यासाठी ८० ते ९० ग्रॅम पुरेत. डाळी, कडधान्यं, अंडी, दूध-दही, मासे, जे तुम्ही खात असाल ते, तिन्ही जेवणांत वाटून. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर आधी विचारा. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि स्नायू वाचायला मदत होते. स्नायूंसाठी आठवड्यातून दोनदा स्नायूंना जोर लावणारा व्यायाम, घरी खुर्चीवरून उठबस आणि भिंतीला टेकून जोर इथपासूनही चालेल. चालण्याने वजन फार उतरत नाही, पण उतरलेलं टिकवायला त्याचा फार उपयोग होतो. अमेरिकेत १९९४ पासून, किमान १३.६ किलो उतरवून वर्षभर तसंच राखलेल्या लोकांची नोंद ठेवली जाते. त्यांच्यात खाण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत, पण बरेचजण रोज तासभराची हालचाल करतात आणि वजन नियमित बघतात.

झोपेबद्दल एकच सांगते. साडेपाच तास झोपून आणि साडेआठ तास झोपून एकच डाएट केलेल्या लोकांत वजन सारखंच उतरलं, पण कमी झोपलेल्यांची चरबी निम्म्याहून कमी गेली. तुम्ही रात्री बारानंतर झोपून पाचला उठता असं लिहिलंय. मी असते तर व्यायामाच्या आधी झोपेला हात घातला असता.

काट्याचं काय करायचं हे माणसावर अवलंबून आहे. काहींना रोज वजन केलेलं मानवतं, आठवड्याची सरासरी काढून ते शांत राहतात. तुमच्यासारख्या, एका सकाळच्या आकड्याने पाच महिने गमावलेल्या माणसाला मी आठवड्यातून एकदाच सांगते, आणि तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी, कारण पाळीच्या आधी पाणी साठून एक-दोन किलो वर दिसणं नेहमीचं आहे. पहिलं लक्ष्य ७९. चार किलो, म्हणजे वजनाच्या पाच टक्के. रक्तदाब आणि साखर यांत फरक पडायला एवढंही पुरतं. त्याला चार-पाच महिने लागतील. तिथे पोहोचलात की दोन महिने तिथेच थांबायचं, आणखी उतरवायचं नाही. टिकवण्याचा सराव वेगळा करावा लागतो आणि तो तुम्ही आजवर एकदाही केलेला नाही.

एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. गेल्या तीन महिन्यांत दर आठवड्याला निदान एकदा असं झालंय का, की थोड्या वेळात खूप खाल्लं, थांबवायचं म्हटलं तरी थांबवता आलं नाही, आणि नंतर किळस किंवा लाज वाटली? उत्तर हो असेल तर तो बिंज ईटिंगचा आजार असू शकतो. त्याच्यावर चांगले उपचार आहेत आणि ते डाएटच्या आधी करायचे असतात. अशा माणसाने माझं वरचं तूट वगैरे सध्या बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञाला भेटावं.

ती हिशेबनीस बाई नंतरही येत राहिली. तिला मी एकच अट घातली होती, शनिवार कोरा सोडायचा नाही. पहिले काही शनिवार तिने फक्त "जास्त झालं" एवढंच लिहिलं. चौथ्या महिन्यात एका पानावर दिसलं: "वाढदिवस. केकचे तीन तुकडे, तिसरा नको होता." आणि खाली रविवारच्या रकान्यात, सोमवारच्या त्याच नेटक्या अक्षरात, "नेहमीचं." त्या महिन्यात तिचं वजन फक्त ७०० ग्रॅम उतरलं होतं. मी त्या दिवशी काट्यापेक्षा त्या एका शब्दाकडेच जास्त वेळ बघत होते.

तुम्ही वही उद्या सकाळी सुरू करू नका, आज रात्रीच करा, आणि पहिल्या पानावर आजचं सगळं लिहा, कसंही झालेलं असलं तरी. पाळीचं या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड आणि बी१२ तपासायचं का, ते त्यांना विचारा. दोन आठवड्यांनी पुन्हा लिहा, त्यात शनिवार-रविवार काय झालं ते आधी सांगा.